सावलीची कड

सोम. ३० सप्टें. १९६८, पालघर
सातवीला पृथ्वीचा आकार. गलबताच्या शिडाचा दाखला दिला, मुली जांभया देत होत्या. पंचांगात पाहिलं: येत्या रविवारी चंद्रग्रहण, ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार. मुलींना आमच्या गच्चीवर बोलावलं. चंद्रावर पडते ती पृथ्वीची सावली, तिची कड गोल. डोळ्यांनी बघू देत.
घरी आले तर विहीणबाई एडवणहून हजर, केळ्यांचा घड घेऊन. निर्मलाला नववा लागला. ग्रहणात लेकीला सांभाळायला आल्यात. आई आहे, हक्क आहे.

बुध. २ ऑक्टो.
विहीणबाईंचे नियम: ग्रहणात निर्मलाने खोलीतून हलायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. आभाळाकडे बघणं तर नाहीच.
"विहीणबाय, तुमी शिकलेल्या, मी नाय. पन मागचा पोर सातव्या महिन्यात गेला ना आमचा?"
"तेव्हा कुठलं ग्रहण होतं?" मी म्हटलं.
निर्मला ताट पुसत होती. तेच ताट पुसत राहिली. तिच्यासमोर बोलायला नको होतं.

शुक्र. ४
निर्मला, आपणहून: "सासूबाई, सावली गोल म्हणून पृथ्वी चेंडूसारखी कशावरून? ताटही गोलच असतं."
इतकी वर्षं शिकवते आहे, एकाही मुलीने हे विचारलं नाही. "भाजी लागेल खाली" म्हणून तिला पिटाळलं.

शनि. ५
उत्तर सुचलं. कंदील, भिंत, ताट. ताट समोर धरलं, सावली गोल. काठ कंदिलाकडे केला, सावली काठीसारखी. नारळ कसाही फिरवा, गोलच.
उद्या सूर्य मावळत असताना चंद्र उगवणार. पृथ्वी ताट असती आणि आपण तिच्यावर उभे, तर मावळता सूर्य काठाशी येतो. सावली काठीसारखी पडायला हवी. माथ्यावरच्या चंद्राच्या ग्रहणात सूर्य ताटाच्या बरोबर खाली, सावली गोलच पडेल, म्हणून हे कळत नाही, उद्याच्या कळेल.
"मग मला बघायचंय," निर्मला म्हणाली.
विहीणबाईंनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला. "ह्यो देवाला ठेवते. तुमचा खेल पुरे झाला."
श्रीधर तारापूरच्या कामावरून आला. त्याला विचारलं. "आई, तुम्ही बायका ठरवा." बायको कोणाची?
सावलीची मला खात्री आहे. बाळंतपणाची कोणाला असते? काही कमीजास्त झालं तर विहीणबाई मला बोल लावतील, ते सोसेन. निर्मला स्वतःला लावून घेईल, ते मात्र...
तिला म्हटलं, बघ म्हणणार नाही, बघू नको म्हणणार नाही.
कोजागिरीचं दूध आटवलं. सगळ्या आपापला पेला घेऊन पांगलो.

रवि. ६
निम्म्याच मुली आल्या, बाकीच्यांना घरून मनाई. पश्चिमेला सूर्य गेला. पूर्वेला डोंगरावर नुसती धूळ. बराच वेळ काही नाही. मग एक ओरडली, "बाई, तुटका हाय!"
वरून, उजव्या अंगाला काळा. कड वाकलेली, स्पष्ट. काठी नाही.
जिन्यावर पावलं. निर्मला, एक हात कठड्याला, एक पोटावर. खालून विहीणबाई: "निमे, मागं फिर गो! माझी आन हाय तुला!"
ती बघत राहिली. मी चंद्र सोडून तिच्याकडे.
"गोल आहे," ती म्हणाली. मग, "म्हणजे या सावलीत आपण सगळ्या आलो?"
"आलो."
"आणि हे?" पोटाकडे बोट.
"हिशेबात धरायचंच तर धर."
हसली. या घरात पुष्कळ दिवसांनी.
ग्रहण सुटल्यावर निर्मलाने आईसाठी म्हणून आंघोळ केली. विहीणबाई जेवल्या नाहीत.

मंगळ. १५, दवाखान्यात
पहाटेपासून कळा. डॉक्टरीण म्हणते, वेळ लागेल. श्रीधर बाहेर फेऱ्या घालतोय. बाकावर मी आणि विहीणबाई. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद होतं.
आत्ता म्हणाल्या, "विहीणबाय, काय वंगाळ झाला तर मी ग्रहनाचा नाव काढनार नाय. पोर जन्मभर मनाला लावून घेल. तुमीपन काढू नका."
"नाही काढणार."
सरकून त्यांच्या जवळ बसले. दार अजून बंद आहे.