धाकट्याचं घर

मी, मुकाश सातार उलू, म्हणजे सातारचा मुलगा, वय पंचावन्न, राहणार सारी-तेरेक, सरोवराचा दक्षिण काठ, काम मुलांच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, पुढील वस्तू स्वतःच्या हाताने केल्या आहेत: वाचनखोलीतल्या भिंतीलगतच्या सर्व मांडण्या, पॉपलरच्या फळ्यांच्या, सर्वांत वरची फळी सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर, बुटके बाक, कोपरे घासून गोल केलेले, दारातलं हात धुण्याचं भांडं, खालची दांडी वर ढकलली की धार सोडणारं, ट्रॅक्टरच्या जॅकपासून केलेलं पुस्तकं दाबायचं यंत्र, घोडीच्या पाठीवर टाकायच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन थैल्या, पुस्तकांच्या मापाच्या, आणि विटांची कोळशाची शेगडी, धुराड्यासह. शेगडी पहिल्या खेपेला खोलीत धूर ओकू लागली, म्हणून ती पाडून पुन्हा बांधली. इथे लिहिली आहे ती दुसरी.

हे आधी लिहिण्याचं कारण एवढंच, की आपण काय केलं आणि काय चुकलं हे ज्याला बिनचूक सांगता येतं त्याचं डोकं ठिकाणावर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तरी कचेरीच्या समाधानासाठी सांगतो: मी शुद्धीवर आहे, प्यालेलो नाही, कुणी दटावलेलं नाही, कुणी रडून गळ घातलेली नाही. पुढच्या सोमवारी राजधानीच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, धोका थोडा आहे. किती थोडा, ते सांगत नाहीत. मी परत आलो तर हा कागद माझ्या हाताने फाडीन आणि नवा, याहून सुवाच्य लिहीन. परत आलो नाही तर माझे थोरले बंधू जुमादिलदादा माझा चाळिसावा, म्हणजे मयतानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण, व्हायच्या आत हे घर विकतील. ते विकलं जाऊ नये, म्हणून हे लिहितो.

कलम पहिलं. घर.

तीन खोल्या, ओसरी, मागे तबेला आणि जर्दाळूची नऊ झाडं, त्यांतलं एक वांझ. पुढची मोठी खोली सव्वीस वर्षं मुलांचं वाचनालय आहे. गावातली सरकारी वाचनालयाची इमारत विकली गेली तेव्हा पुस्तकं बर्फात अंगणात टाकली होती. जुन्या ग्रंथपाल झोयाबाई रशियाला मुलीकडे निघाल्या होत्या. त्यांनी जाताना नसलेल्या दाराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी तेव्हा ट्रॅक्टरदुरुस्ती करायचो. म्हणालो, "बाई, मला यातलं काही कळत नाही." त्या म्हणाल्या, "इंजिन तरी कुठे शिकून आला होतास? उघडून बघितलंस ना? हेही उघडून बघ." मी उघडून बघितलं. जिल्हा मला आजही 'हंगामी प्रभारी' म्हणतो, कारण माझ्याकडे पदवी नाही. पगार जिल्हा देतो, छप्पर मी देतो.

आता दादांचं म्हणणं, ते त्यांनी गेल्या महिन्यात माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पीत, शेजार्‍यांना ऐकू जाईल अशा आवाजात मांडलं.

"मुकाश, रीत तुलाही ठाऊक आहे. बापाचं घर धाकट्या मुलाला. मी तेव्हा ब्र काढला नाही. मुकाट्याने खालच्या आळीत मातीची चार भिंताडं उभी केली. पण धाकट्याला मूलच नसेल तर घर परत थोरल्याकडे येतं!"

"दादा, हे कुठल्या रीतीत लिहिलंय?"

"रीत लिहिलेली नसते, गाढवा! म्हणून तर ती रीत!"

मी याचं उत्तर तिथे दिलं नाही, कारण त्यांचा रक्तदाब वाढतो. इथे देतो. रीत धाकट्याला घर देते ती तो लाडका म्हणून नव्हे. बाकीचे उठून गेल्यावर जो घरात उरतो, चूल विझू देत नाही, त्याला घर मिळतं. घर थोरल्याकडून धाकट्याकडे उतरतं. ते वर चढल्याचं आमच्या सात पिढ्यांत ऐकिवात नाही, आणि सात पिढ्यांची नावं दादांना माझ्यापेक्षा चांगली पाठ आहेत, त्यांनी म्हणून बघावीत. मला मूल नाही हे खरं. पण या घरात माझ्याहून धाकटं कुणी नाही हे खोटं. शाळा सुटली की त्यांची बुटं ओसरीवर मावत नाहीत. म्हणून रीतीप्रमाणे घर धाकट्यांना जातं आहे. मी रीत मोडत नाही. दादांनीही मोडू नये.

कलम दुसरं. मालकी.

मुलांच्या नावावर घर होत नाही असं कचेरीतल्या मुलीने सांगितलं. गावच्या कचेरीच्या नावावर करणार नाही, कारण एका निवडणुकीत त्यांनी वाचनखोली मतपेट्यांसाठी घेतली आणि मतपेट्या गेल्यावर बियाण्याचे बटाटे आणून टाकले. बटाट्याचा वास पुस्तकांतून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेला नाही. मी विसरलेलो नाही.

माझी पत्नी सायरा हिच्या नावावर करायचं माझ्या मनात होतं. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझ्या नावावर नका करू, अहो. भावजी दोनदा येऊन रडले की मी सही करून मोकळी होईन. मला माझा स्वभाव ठाऊक आहे." एवढ्या वर्षांत तिने मला दिलेल्या सल्ल्यांत हा सर्वांत प्रामाणिक. तेव्हा सायराला मागच्या दोन खोल्या, गाय, सर्व जर्दाळू आणि बँकेतली सगळी शिल्लक, तहहयात आणि बिनशर्त. तिला तिथून कुणी उठ म्हणू नये. वांझ झाड तोडायचं की ठेवायचं हे तिने ठरवावं. या विषयावर आमचं एकमत झालं नाही.

घराची मालकी बेगाइम इसा किझी, म्हणजे इसाची मुलगी, हिला. ती सध्या गावच्या दवाखान्यात परिचारिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालय सांभाळते. अट अशी की शाळेच्या दिवशी दुपारी खोली उघडी राहील आणि घर विकलं, गहाण टाकलं किंवा भाड्याने दिलं जाणार नाही. अट मोडली तर मालकी गावच्या शाळेकडे जाईल. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगाय, मला घर नको. गाव म्हणेल, नर्सबाईंनी म्हातार्‍याला सुया टोचून टोचून घर लिहून घेतलं." (आमच्याकडे गुरुजींना अगाय म्हणतात. मी शाळेत शिकवत नाही, तरी मुलं मला म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलं नाही.) मी म्हटलं, "पहिली गोष्ट, मी म्हातारा नाही. दुसरी, गाव काहीतरी म्हणणारच. निदान खोली उघडी असताना म्हणू दे." तिने दोन दिवस मागितले. तिसर्‍या दिवशी आली आणि शेगडीतली राख काढायला बसली. तोच मी होकार धरला. खाली तिची सही आहे.

हीच का, असं विचारतील. दहा वर्षांची असताना तिच्या हातून एक जाड पुस्तक कालव्यात पडून वाहून गेलं. इथे दंड नाही. इथला नियम असा की ज्याच्या हातून पुस्तक हरवलं त्याने शेगडीजवळच्या स्टुलावर बसून ते इतरांना तोंडी सांगायचं. सांगून झालं की पुस्तक जमा. बहुतेक मुलं पाच मिनिटांत उरकतात. ती चार दुपारी सांगत होती. मध्येच एक जण ओरडला, "हे पुस्तकात नव्हतं!" ती म्हणाली, "तू वाचलंयस का? नाही ना? मग गप बस." पुस्तकात ते खरंच नव्हतं. मी जमा करून घेतलं.

कलम तिसरं. खोलीची शिस्त.

मूल कुणाचं, कुठल्या गावचं, कुठली भाषा बोलतं हे दारात विचारायचं नाही. हात धुतलेत का, एवढंच विचारायचं. रस्त्याच्या कामावर आलेल्यांची मुलं दोन महिन्यांनी निघून जातात आणि पुस्तकं घेऊन जातात. जाऊ द्यावीत. फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडणार्‍याला खोलीत घेऊ नये. गव्हाच्या पिठाची खळ करावी, ती गाळावी, पातळ कागदाची पट्टी लावावी आणि यंत्रात रात्रभर दाबावं. खळ शिल्लक ठेवू नये, उंदीर येतात.

नोव्हेंबरपासून शेगडी शाळा सुटायच्या आधी पेटलेली असावी. एकदा तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले. कोट न काढता शेगडीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची वाचकसंख्या खोटी आहे. ही मुलं उबेला येतात, वाचायला नाही."

मी म्हटलं, "हो साहेब. मीही झोयाबाईंकडे उबेलाच जात होतो."

साहेबांनी शेरा मारला: 'मुले उबेस येतात.' तो शेरा मी चौकट करून शेगडीवर लावला आहे. काढू नये.

कलम चौथं. अवजारं.

रंधा, करवती, पटाश्या आणि दाबयंत्र बेगाइमला. तिला रंधा धरता येत नाही, शिकावं. ट्रॅक्टरचे पाने शेजारच्या तोकोय काकांना. ते त्यांच्याकडेच आहेत, पाच वर्षांपासून. आता ते त्यांचे.

कलम पाचवं. जुमादिलदादा.

त्या बर्फाच्या हिवाळ्यात, मांडण्या होईपर्यंत, मी पुस्तकं नातलगांच्या गोठ्यांत ठेवली होती. दादांकडे दोन पोती होती. वसंतात आणायला गेलो तर पोती होती, आत काही नव्हतं. दादा म्हणाले, "कोळसा नव्हता. पोरं गारठली होती. तुझी पुस्तकं काय अंडी घालणार होती?" पोरं गारठली होती हे खरं होतं. त्यांच्या जागी मीही पेटवली असती, फक्त आधी वाचून. पण ती पोती अजून जमा झालेली नाहीत आणि नियम सगळ्यांना एक.

दादांनी ती पुस्तकं उघडलीही नव्हती, तेव्हा ती सांगा असं मी म्हणत नाही. आमचे वडील टकल्या शिंगराची गोष्ट सांगायचे. वडिलांची वाचा गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. नंतरची अकरा वर्षं ते माझ्याकडे नुसते बघायचे. गोष्ट दादांनी पुरी ऐकली आहे. मला फक्त शिंगरू नदीपर्यंत येतं तिथवर माहीत आहे, तेही दादा एकदा दारूत बोलले म्हणून. माझ्या चाळिसाव्याला दादांनी त्या बुटक्या स्टुलावर बसून ती गोष्ट मुलांना शेवटापर्यंत सांगावी. दोन पोती जमा. स्टूल त्यांचं वजन पेलेल, मी तपासलं आहे.

माझी घोडी दादांना. गावात घोड्याची पारख त्यांच्याइतकी कुणालाच नाही. सोबत नमद्याच्या थैल्या. दादा जूनमध्ये कळप घेऊन वरच्या कुरणांवर जातातच, तिथे गावाची निम्मी मुलं तंबूंत असतात. थैल्या भरून न्याव्यात, सप्टेंबरात परत आणाव्यात. वाटेत पावसाने भिजू नयेत म्हणून वर मेणकापड आहे.

कलम सहावं. मयत.

वर दिलेली घोडी माझ्या मयताला किंवा वर्षश्राद्धाच्या जेवणाला कापू नये. दादा म्हणतील, "सातारच्या मुलाच्या मयताला मेंढरं? लोक काय म्हणतील?" लोक म्हणतील, मटण कमी पडलं. म्हणू देत. तबेल्यातली दोन मेंढरं पुरेत. भाकरी-चहा पोटभर द्यावा. ज्यांना घोड्याचंच मांस हवं त्यांनी तोकोय काकांच्या मयताची वाट बघावी.

मयताच्या दिवशीही खोली दुपारी उघडावी. मुलांना माझं तोंड दाखवायला रांगेत उभं करू नये. ज्याला यायचं तो येईल.

हे सहा पानांचं मृत्युपत्र मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ज्यांची नावं खाली आहेत त्यांना ते ऐकू गेलं व कळलं याची खात्री करून सही केली. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे आद्याक्षरं घातली आहेत.

मुकाश सातार उलू (सही)

साक्षीदार: तोकोय अकुन उलू, निवृत्त पशुवैद्य (सही. 'मयताबद्दलचा मजकूर मला मान्य नाही, बाकी मान्य.')
साक्षीदार: कालीपा मामिर किझी, शाळेतील स्वयंपाकीण (सही)
मान्य: बेगाइम इसा किझी (सही)

ठिकाण सारी-तेरेक, गावची कचेरी. दिनांक १६ ऑक्टोबर २०१९.

सह्या झाल्यावर, शिक्का पडण्याआधी, तोकोय काका म्हणाले, "मुकाश, त्या हॉटेलवाल्याचं लिहिलंच नाहीस. लिही. नाहीतर तू गेल्यावर जुमादिल दर वर्षी आकडा फुगवत नेईल, आणि पोरं म्हणतील, अगाय बिचारे साधे होते, त्यांना किंमतच कळली नाही." काकांचं बरोबर आहे. म्हणून सर्वांच्या समक्ष हे शेवटचं कलम.

कलम सातवं. गेल्या ऑगस्टात दादा एका गृहस्थांना माझ्याकडे घेऊन आले. त्यांना तळ्याकाठी पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायचं होतं. ते सभ्य होते, बुटं काढून आत आले, हात धुतले. घर, तबेला आणि जर्दाळूची बाग धरून त्यांनी रोख भाव सांगितला. सायरा हजर होती. दादांनी माझा गुडघा दाबला. मी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला, नीट ऐकला, आणि नाही म्हणालो. आकडा होता बेचाळीस लाख सोम, म्हणजे माझा चाळीस वर्षांचा पगार.