भिंतीवरची माझी सीट

बाबा, काल मी गाळ्याच्या भिंतीवरून माझी सीट उतरवली. तुम्ही असता तर ओरडला असता, "जाग्यार ठेव ती." नाही ठेवणार.

मुलुंडच्या या गाळ्यात तुमचा नियम सगळ्यांना पाठ आहे. आपली टीम म्हणजे रेसिंगची बालवाडी. एका सेकंडहँड फॉर्म्युला गाडीवर सुरू केलीत, पोरं घडवलीत, मोठ्या टीममध्ये धाडलीत. प्रत्येकाच्या पाठीमागे फोम ओतून त्याच्या मापाची सीट करायची आणि तो पुढे गेला की ती भिंतीवर टांगायची. माझीही केलीत. फोम पाठीशी गरम होत फुगतोय, मी स्टिअरिंग धरून बसलेय आणि तुम्ही म्हणताय, "हलू नको गो, ही सीट आता तुझीच." सरावात मी टीममधल्या दोन्ही पोरांपेक्षा जोरात गेले, घड्याळ तुमच्याच हातात होतं. आणि रेसच्या सकाळी मी हेल्मेट घेऊन उभी असताना, सगळ्या मेकॅनिकांसमोर, गाडी दुसऱ्याला दिलीत. "तुका काय झाला तर तुझ्या आवशीक मी काय सांगू?" आईला विचारलंत तरी का? एवढा प्रवास करून ती मला बघायलाच स्टँडमध्ये येऊन बसली होती.

वर माझी सीट भिंतीवर लावलीत. एकही रेस न धावलेली. पाहुणे विचारायचे, "मुलगी पण पुढे गेली वाटतं?" आणि तुम्ही छाती काढून, "होय तर." कुठे गेले हो मी? मागच्या खोलीत, टायर मोजायला. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, देवमाणूस. मी मान हलवली, पण आतून जळत होते. अजून जळते.

आता टीम मी चालवते. यंदा दहिसरची एक मुलगी आलीय. तिची सीट करत होतो तेव्हा तिचे वडील हळूच म्हणाले, "मॅडम, हिला काही होणार नाही ना?" आणि माझ्या तोंडून तुमचंच निघायला लागलं, "बघा, अजून विचार करा, उद्या काही झालं तर..." फोममध्ये अडकलेल्या पोरीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तसं मी तुमच्याकडे पाहिलं होतं. मी जीभ चावली. म्हटलं, "होऊ शकतं काही. पण गाडी तीच चालवणार."

रविवारी ती धावली. काय झकास सुटली म्हणून सांगू. गाळ्यात परत आल्यावर मला माझी ती खोटी सीट बघवेना. भिंतीवर जे खरंच पुढे गेले तेच राहतील. तिची लागेल कधीतरी, माझ्या जागी.

हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. म्हणून सांगून टाकते. रविवारी तिची गाडी पहिल्या वळणाला आली तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. तुम्हालाही मिटता आले असते, बाबा.