जिन्याची वही

४ फेब्रुवारी

बाबांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. एक सत्तर टक्के, दोन ऐंशी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरला विचारलं, "म्हणजे इंजिन उघडायचं, की नुसतं ऑइल बदलून भागेल?" पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, दुसरं काय विचारणार! डॉक्टर हसला. मला काही हसू आलं नाही.

डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. टेबलावर प्लास्टिकचं हृदय ठेवलंय, त्याचं झाकण उघडतं, आत धूळ. म्हणे, "मुख्य नळी मोकळी आहे, पंपिंग चांगलं आहे. बायपास करता येईल, नुसत्या गोळ्यांवरही राहता येईल. महिनाभर गोळ्या देऊन बघू. जिना चढताना दुखतं का, किती वेळा थांबावं लागतं, ते रोज लिहून आणा. त्यावर ठरवू." म्हणजे अभ्यास आम्ही करायचा आणि पदव्या यांच्या भिंतीवर!

६ फेब्रुवारी

दादाचा फोन. समुद्रापलीकडे बसून हुकूम — "ऑपरेशन करून टाका एकदाचं. रोजची टांगती तलवार नको." करून टाका! बाबांची छाती आहे ती, कलिंगड नाही. वर सात व्हिडिओ पाठवले. एकात सर्जन आणि पेशंट जोडीनं नाचतायत. आठ वर्षांत एकदा घरी आला, तेव्हाही चार दिवस झोपा काढल्या. आता वडिलांची काळजी उतू चाललीय.

मी गोळ्यांच्या बाजूची. बहात्तराव्या वर्षी छातीचं हाड करवतीनं कापणार, ही कल्पनाच मला सहन होत नाही. दादाला अर्थात हे सांगितलं नाही. त्याला म्हटलं, मी सगळं वाचलंय.

८ फेब्रुवारी

वही आखली. तारीख, वेळ, मजले, थांबे, दुखणं. तक्ता कसा आखायचा हे मला कुणी शिकवायला नको — अठरा वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. तिथे एकेक महाभाग भरलेत! भट्टीच्या काट्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, बाकावर बसून आठवड्याचे आकडे एका दमात भरायचे. सगळे सारखे, सुबक. असला तक्ता मला लांबूनच कळतो. लाल रेघ मारते आणि सगळ्यांसमोर परत देते. "आधी डोळ्यांनी बघा, मग लिहा." शंभरदा सांगून झालं. दगडांना काय कळणार!

९ फेब्रुवारी

बाबा पाच वाजता खाली उतरतात, बागेला फेरी मारतात, चार मजले चढून येतात. दार वाजलं की मी स्वयंपाकघरातून ओरडते, "थांबलात?" बाबा म्हणतात, "नाही गं."

शून्य.

१३ फेब्रुवारी

शून्य. शून्य. शून्य. शून्य!

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांनी आज कमाल केली. जिन्याच्या वळणावर खुर्ची आणून ठेवलीय. एक हात मोडलेली, वर चिंध्यांची उशी. पिशव्या घेऊन चढताना गुडघा आपटला माझा. म्हटलं, "मास्तर, जिना काय तुमचं दुकान आहे का?" त्यांनी सावकाश तोंडातल्या टाचण्या काढल्या. "असू द्या ताई. कुणाला टेकायला होते." कुणाला म्हणे! स्वतःची अडगळ लोकांच्या वाटेत टाकायची आणि वर परोपकाराचा आव! गळ्यात टेप घालून हिंडतो, जसा काही सत्कारच झालाय.

बाबा : शून्य.

२४ फेब्रुवारी

दादा पुन्हा. आज तर म्हणाला, "तू बाबांच्या जिवाशी खेळतेयस." मी वही काढली. सोळा दिवस, सोळा शून्यं, तारीखवार वाचून दाखवली. त्यानं विषयच बदलला! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

बाबा शेजारीच बसले होते. म्हणाले, "झालं समाधान?" आणि चष्मा पुसत बसले. या माणसाला कशाचं कौतुकच नाही.

२ मार्च

खुर्ची हलली! सेक्रेटरीकडे लेखी तक्रार केली होती — जिन्यात सामान ठेवायला बंदी आहे, नियम क्रमांकासकट. त्यांनाही उठून कारवाई करायला नऊ दिवस लागले. आळशांचा राजा.

संध्याकाळी मास्तर दारात. "ताई, बाबांबद्दल जरा बोलायचं होतं." आता बाबांच्या आडून रदबदली! म्हटलं, "खुर्चीचं काय ते सेक्रेटरींशी बोला." दार लावून घेतलं.

५ मार्च

तीन दिवस बाबा खाली उतरलेले नाहीत. एकदा पाय दुखतायत, एकदा कंटाळा आलाय, आज म्हणे वारा आहे. गोळ्या लागू पडल्या आणि माणूस लगेच सोकावला. परवा डॉक्टरकडे जायचंय आणि वहीत तीन रकाने रिकामे! चांगलंच झापलं. "निदान वहीसाठी तरी जाऊन या!"

बाबा उठले. मग बूट घातले. "जातो बाई."

सहा वाजले. अजून आले नाहीत. बागेत गप्पा झोडत बसले असतील.

६ मार्च

काल शेवटी मीच शोधायला उतरले. बाबा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर होते. भिंतीला टेकलेले, ओठ पांढरे, जिभेखाली गोळी. मास्तर त्यांना धरून बसले होते. म्हणाले, "रोज इथं पंधरा मिनिटं थांबायचे, ताई. आधी पायरीवरच बसायचे, म्हणून मी खुर्ची ठेवली."

अँब्युलन्समध्ये विचारलं, का नाही सांगितलंत? बाबा म्हणाले, "शून्य लिहिताना तू किती खूश दिसायचीस गं."

डॉक्टरनं वही मागितली. बावीस शून्यं, सगळी सारखी, सुबक. एकदाही मी दारापर्यंत गेले नव्हते. तिथेच रडले. मग पर्समधलं लाल पेन काढून सगळ्या पानांवर रेघ मारली आणि वही त्याच्या हातात दिली.

ऑपरेशन उद्या सकाळी.