चारशे बारा नंबरचा कागद

सोमवार, २३ एप्रिल १९७३. धरमपेठ, नागपूर.

ही वही मला सरकारी दवाखान्याने लिहायला लावली. तारेच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढून घेतला त्याला आज सतरा दिवस झाले. आठ दिवसांत रिपोर्ट मिळेल असे सांगितले होते. दोन पत्रे टाकली, उत्तर नाही. म्हणून मी स्वतः येऊन बसले आहे. कोण कधी काय म्हणाले ते रोज तारीखवार लिहून ठेवीन. तक्रार करायची तर पुराव्यासकट करावी.

एवढे सोडले तर दिवस छान गेला. काटोलहून सकाळच्या एस.टी.ने निघाले, खिडकीजवळची जागा मिळाली. सिंधू स्टँडवर घ्यायला आली होती. आम्ही दोघींनी कॉलेज सोडून पस्तीस वर्षे झाली, पण सायकलरिक्षात बसल्याबरोबर तिने विचारले, “यमे, अजून घंटा वाजल्याशिवाय जेवत नाहीस का?” मी सांगितले की हेडमास्तरीण रिटायर झाली तरी पोट रिटायर होत नाही. माझ्यासाठी तिने पश्चिमेची खोली लावून ठेवली आहे. खाट, टेबल, पाण्याने भरलेला माठ, खिडकीला वाळ्याची ताटी. जेवायला वडाभात केला होता. मी दोनदा वाढून घेतला.

तारा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आईबाप गेले तेव्हा ती चार वर्षांची होती, आता एकोणीसची आहे. डॉक्टरांनी तिला उन्हात फिरवू नका म्हटले, म्हणून काटोललाच शेजाऱ्यांकडे ठेवली. निघताना म्हणाली, “आत्या, त्यांना रागावू नकोस हं. मुद्दाम नापास करतील मला.” आणि हसली. हसली की गाठ दिसते.

मंगळवार, २४ एप्रिल.

रिपोर्टांची खिडकी मोठ्या हॉलच्या टोकाला आहे. बारा बाके, वर दोन पंखे, त्यातला एक फिरतो. खिडकीला जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट. आत मधुकरराव नावाचे कारकून बसतात. साठीचे असावेत. कागद नंबरवार येतात. ते नाव तीनदा पुकारतात. जो हो म्हणेल त्याने फटीजवळ जाऊन रजिस्टरात सही नाहीतर अंगठा करायचा आणि कागद घ्यायचा. तिन्ही हाकांना कोणी बोलले नाही तर कागद त्याच दिवशी पोस्टाने घरी जातो.

हो म्हणणारा माणूस खरोखर तोच का, हे कोणी विचारत नाही. हा गलथानपणा आहे, असे मी मधुकररावांना सांगितले. मान वर न करता ते म्हणाले, “बाई, इथे हो म्हणेल तोच धनी.” वाक्य लिहून घेतले आहे.

तारेचा नंबर ४१२. आज ३७१ पर्यंत झाले. दिवसाला सहा-सात नंबर, फार तर नऊ. पहिली घंटा झाल्यावर वर्गात रेंगाळत शिरणाऱ्या मुली आठवल्या.

शेवटच्या बाकावर प्रयागबाई म्हणून एक म्हातारी असते. मान पांढऱ्या फडक्याने जाड गुंडाळलेली. किती दिवसांपासून येता, असे विचारले, तर म्हणाली, “दिवस कोन मोजते, बाई? माह्या नंबरच नाही आला.”

बुधवार, २५ एप्रिल.

३७८. सकाळी दहा ते पाच बसले. शेजारी गोपिका नावाची काटोलकडचीच बाई होती. संत्र्याची बाग आहे म्हणते, जबड्याखाली गाठ, म्हणून इथेच वॉर्डात भरती, घरी तीन मुले. तिने मला चिवडा दिला आणि शाळेबद्दल बरेच विचारले. नाव पुकारले की मुलींना उभे राहावे लागे का, हेही विचारले. हुशार आहे. शिकली असती तर बरे झाले असते.

गुरुवार, २६ एप्रिल.

आजचा प्रकार नीट लिहिते.

गोपिकेचा नंबर ३८४. ३८३ झाला तशी ती उठली. म्हणाली, “बाई, मी पानी पिऊन येतो. नाव घेतलं त हो म्हनजा.” लगेच तिचे नाव पुकारले गेले. एकदा, दोनदा. नाव घेतले आणि उत्तर आले नाही, हे मला सहन होत नाही. चौतीस वर्षे हजेरी घेतली आहे. तिसऱ्या हाकेला माझ्या तोंडून हो गेले. रजिस्टरात तिच्याकरिता म्हणून माझी सही केली.

हॉलमधली बोलणी थांबली. प्रयागबाई उभी राहिली आणि पुन्हा बसली.

गोपिका दारातच उभी होती. पाणी प्यायला गेलीच नव्हती. मी कागद पुढे केला तर तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाली, “आता तो तुमचा झाला, बाई. मले माफ करजा. माही लेकरं लहान आहेत.” आणि पळाली. मी मागून चांगलीच रागावले. अडाणीपणालाही हद्द असते.

कागद इंग्रजीत आहे. सगळे कळले नाही. शेवटची ओळ कळली, तेवढी पुरे. फार वाईट वाटले. उद्या वॉर्डात जाऊन सिस्टरकडे देईन.

शुक्रवार, २७ एप्रिल.

सकाळी वेणी घालताना डाव्या जबड्याखाली चिंचोक्याएवढे काही लागले. उन्हाळ्यात असे होते.

वॉर्डात गेले. सिस्टर म्हणाली, गोपिकेला कालच संध्याकाळी घरी सोडले. डॉक्टरांनी मान दोनदा चाचपली. गाठ नाही. फाइलवर तसे लिहिलेही आहे. कागद घ्यायला सिस्टर तयार होईना. रजिस्टरात माझी सही आहे म्हणाली.

३९२.

शनिवार, २८ एप्रिल.

आता सुपारीएवढी आहे. दाबली तर हलत नाही. सिंधूने हात लावला आणि काढून घेतला, मग भाजी महाग झाल्याचे बोलत राहिली.

आज अर्धा दिवस. ३९६. बंद व्हायच्या आधी प्रयागबाईजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारले. तिने सरळ सांगितले. ज्याने हो म्हटले त्याचा कागद, आणि कागदात जे असेल तेही त्याचेच. हॉलमधल्या सगळ्यांना माहीत आहे. “तुमी शिकलेल्या. तुमाले कोन सांगन? आनि सांगतलं असतं त आयकलं असतं काय?”

नसते ऐकले.

घरी येऊन दार लावले. रडले नाही. खरे लिहायचे तर आनंद झाला. तारेचे नाव आले की मी हो म्हणेन. चांगले असेल तर चांगलेच झाले. वाईट असेल तर माझे. अठ्ठावन्न वर्षे खूप झाली.

सोमवार, ३० एप्रिल.

खिडकी उघडल्याबरोबर मधुकररावांना सांगितले की ४१२ला मी हो म्हणणार. त्यांनी रजिस्टरात बोट फिरवले. माझ्या सहीवर थांबले. एका माणसाची एकच सही, म्हणाले. तुमची झाली.

मी भांडले. जाळी वाजवून भांडले. त्यांनी रजिस्टर फटीतून पुढे केले आणि टाक दिला. मी सही केली. पूर्ण नाव, ठळक. शाई वाळली आणि नाव नाहीसे झाले. पुन्हा केली. कागद कोरा. टाकाचे टोक ओले होते, बोटाला शाई लागली होती, आणि पान कोरे.

गोपिकेसाठी खर्च केली ती. पाण्याच्या घोटासाठी.

निदान ४१२ पाहा तरी, असे विनवले. हो, विनवले. त्यांनी गठ्ठ्यातून काढला, वाचला, परत ठेवला. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

४०३.

मंगळवार, १ मे.

महाराष्ट्र दिन. खिडकी बंद.

तारेचे पत्र आले. गाठ दुखते. दोन दिवस गिळता येत नाही. तुझे काहीच कळत नाही म्हणून बुधवारच्या मोटारीने येते, असे लिहिले आहे. येऊ नकोस म्हणून तार केली. पोचेल का?

घरीच राहिली तर कागद पोस्टाने जाईल. इथे आली तर नाव पुकारल्याबरोबर हो म्हणेल. मीच तसे वळण लावले.

सिंधू कढी घेऊन आली. घशाखाली उतरत नाही. तिच्याकडे पाहिले. तिला सांगितले तर ती उद्या येईल, हो म्हणेल, का ते विचारणारही नाही. म्हणून सांगितले नाही. तिने कढी तिथेच झाकून ठेवली.

बुधवार, २ मे.

आज एक कृत्य केले. लिहिलेच पाहिजे.

रुखमाबाई म्हणून नवी बाई. पहिलाच दिवस. वीस-बावीसची, मांडीवर तान्हे. तिला म्हटले, मला जरा बाहेर जायचे आहे, तारा देशकर हे नाव आले तर हो म्हणशील? “हो जी, काहून नाही?” म्हणाली. तान्ह्याने माझे बोट धरले. मी तरी उठले. दारापर्यंत गेले. दारात उभी राहिले. गोपिका उभी होती तिथेच.

परत आले. म्हटले, म्हणू नकोस. कोणाच्याच नावाला म्हणू नकोस, तुझ्या स्वतःच्या सोडून.

तिने विचारले, “मंग त्या पोरीसाठी कोन म्हनन?”

४०९ला खिडकी बंद झाली. उद्या तिसरा नंबर तारेचा.

वळून पाहिले तर तारा आलेली. तार मिळाली नाही. शेवटच्या बाकावर, प्रयागबाईजवळ, ओढणीने मान झाकून. म्हणाली, “आत्या, किती वाळलीस गं. तुझ्या मानेला काय झालं?”

गुरुवार, ३ मे. सकाळी.

मागच्या दाराने आत गेले. मधुकरराव एकटेच होते. पाय धरले. आयुष्यात कोणाचे धरले नव्हते. एकच मागितले, ४१२ पुकारू नका. पोस्टात टाकू नका. ठेवून द्या.

म्हणाले, तेही करून पाहिले आहे.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचा कागद त्यांच्याच हातात आला. खुर्चीवर बसणाऱ्याला हो म्हणता येत नाही. म्हणून पुकारलाच नाही, ड्रॉवरमध्ये घातला. जाळीतून शेवटचे बाक दाखवले. प्रयागबाई.

बरी नाही, आणि मरतही नाही. नऊ वर्षे गाठ नुसती वाढते आहे, फडक्याखाली. ती दारापर्यंत चालते, पुढे पाऊल पडत नाही. घरी नेऊन पाहिले, सकाळी बाकावरच सापडली.

रिटायर का झाला नाहीत, विचारले. म्हणाले, खुर्ची सोडली की ड्रॉवरमधला कागद गठ्ठ्याच्या वर येतो. बसणारा कोणीतरी लागतो. दोन वर्षे झाली, तीच रोज म्हणते, “पुकारा आता. बस झालं.” आज पुकारतो. मग खुर्ची कोण घेईल, असे त्यांनी विचारले नाही. माझ्याकडे पाहिले फक्त.

त्याच दिवशी, अकरा वाजता.

४१०. ४११. मग प्रयागबाईचे नाव. पहिल्याच हाकेला हो म्हणाली. खणखणीत. अंगठा केला, कागद न बघताच कनवटीला खोचला. तारेच्या डोक्यावरून हात फिरवला. दाराबाहेर गेली. ऊन होते, डोळ्यांवर हात धरून पाहिले तिने —

पायरीवर बसली. बसली ती —

मधुकरराव जाळीतून बघत होते. नंतर चपला घालून बाहेर गेले. खुर्ची अजून गरम आहे.

मी बसले. मला कोणी काही विचारले नाही. गठ्ठ्यात वरचाच ४१२. बारीक टाइप, शेवटी तीच ओळ.

तारा समोर बसली आहे. तयार बसली आहे, ओढणी सावरून, पाय जुळवून. पुकारला तर — पोस्टात टाकला तर — ठेवला तर त्या बाकावर, किती वर्षे —

तिला न विचारता. विचारू कशी —

त्याच दिवशी, दुपारी बारा.

चार्ज दिला : मधुकरराव. चार्ज घेतला : यमुना देशकर.

खुर्ची एक.
रजिस्टर एक, चालू.
दौत, टाक, अंगठ्याचा पॅड.
कागद, पुकारायचे : ४१३ ते ४५८.
ड्रॉवर एक, किल्लीसह. आत कागद एक, नंबर ४१२, कुमारी तारा देशकर, न पुकारलेला.
ठेवायची मुदत : मी खुर्चीवर असेपर्यंत. सकाळपासून पाणी उतरत नाही, म्हणजे फार तर —