सात नंबरची केरिस

४ नोव्हेंबर, मंगळवार

मनोहर गेला त्याला तीन आठवडे झाले. मला अजून वाईट वाटलेलं नाही. वाटेल म्हणून थांबलो होतो.

आज त्याच्या मुलीचा, नीनाचा फोन. "अतुलकाका, बाबांची सगळी इंडोनेशियन स्वोर्ड्स सॉर्ट करायचीत. कुठलं काय आहे, मला काहीच कळत नाही. तुम्ही याल?" मी लगेच हो म्हटलं. रेणू बघतच राहिली. "चौदा वर्षं त्या माणसाचं नाव काढलं नाहीस, आणि आता धावत निघालास?"

धावत कुठे? शनिवारी जाणार आहे.

५ नोव्हेंबर

लिहून ठेवतो, म्हणजे राग निवणार नाही.

२०११. पेनसिल्व्हेनियातला एक लिलाव. मीच मनोहरला गाडीत घालून नेलं. वाटेत मूर्खासारखं सगळं बोलून बसलो — कॅटलॉगमध्ये नुसतं 'वाकडा खंजीर' म्हणून टाकलंय, पण ती जावाची जुनी केरिस आहे, तेरा वळणांची, कोणाच्या लक्षात आलेलं नाही! आणि हा माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याविरुद्ध हात वर करत राहिला. घेतली! परत येताना मांडीवर धरून बसला होता — माझ्याच गाडीत! मी एक शब्द बोललो नाही. तेव्हापासून नाहीच.

वर दर खंडेनवमीला शस्त्रपूजा. वेस्ट विंडसरमधल्या सगळ्या मराठी माणसांना आमंत्रण, मलासुद्धा. केरिसवर झेंडूची फुलं, पात्याला ओलं कुंकू. जुन्या लोखंडाला ओलं कुंकू लावतो, गाढव! मी जायचो. पेढा घ्यायचो, तिच्याकडे बघायचो, निघायचो.

८ नोव्हेंबर, शनिवार

बेसमेंटमध्ये टेबलावर सगळी हत्यारं मांडलेली. प्रत्येक मुठीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर मराठी आकडा. यादी कुठे आहे, विचारलं. "नो आयडिया, काका."

सहा नंबरपर्यंत खरं सांगितलं. बोर्निओची तलवार — पात्याची एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट, म्हणजे अस्सल. सुमात्रातल्या आचे प्रांताचा खंजीर — पातं जुनं, मूठ नंतर बसवलेली. नीना लॅपटॉपवर टाइप करत होती.

मग सात.

म्यानातून काढली. वळणं मोजली, तेरा. बुडाचा आडवा तुकडा वेगळा घडवून बसवलेला, सांध्यात केसाएवढी रेघ. लोखंडाचे पदर एकावर एक ठोकून निघालेली नक्षी. पात्याला ताज्या तेलाचा वास होता. कुंकवाचा कण नाही, गंजाचा ठिपका नाही.

"अँड धिस वन?"

"सुवेनिअर," मी म्हटलं. "नक्षी ॲसिडने काढलीय. टूरिस्ट लोकांना विकतात तसलं."

"रिअली? पण ही बाबांची फेवरिट होती."

"फसला असेल."

काय बरं वाटलं! चौदा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तिथल्या तिथे मागितली असती तर तिला संशय आला असता. पुढच्या रविवारी सहज म्हणून मागेन.

११ नोव्हेंबर

स्टडीत भिंतीला खिळा ठोकला. रेणूने विचारलं कशाला. कॅलेंडर लावायचंय, म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेलो. नीनाने चहा केला, साखर विसरली. मी तसाच प्यायलो. मग म्हटलं, "ते सात नंबरचं टाकून देणार असशील तर मला दे. असू दे भिंतीवर."

ती कप खाली ठेवून म्हणाली, "ओह नो, काका. काल डेलावेर रिव्हरमध्ये बाबांच्या अस्थी सोडल्या ना, त्यांच्याबरोबर सोडली ती. वर्थलेस आहे हे कळलं होतं, पण गार्बेजमध्ये टाकवेना." आणि रडायलाच लागली.

"चांगलं केलंस," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मेल्यावरही त्यानेच नेली! हरामखोर. दोनदा नेली.

घरी आल्यावर खिळा उपटला. भिंतीचा पोपडा निघाला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी नीना दारात. हातात वही — मनोहरच्या औषधांच्या ड्रॉवरमध्ये सापडली म्हणे. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "ही लिस्टच आहे ना, काका? वाचून दाखवा ना."

मनोहरचं गिचमिड अक्षर. एक ते सहा मोठ्याने वाचलं. पुढचं मनात.

'सात. जावाची केरिस, अस्सल. ही अतुलची. त्या दिवशी मला काय झालं होतं कोण जाणे, हात खाली येईना. दर खंडेनवमीला त्याला बोलावतो. वाटतं आज बोलेल, आज देऊन टाकू. तो पेढा घेऊन निघून जातो. माझ्या मागे नीनाने ही त्याला द्यावी.'

"सेव्हनला काय लिहिलंय?" नीनाने विचारलं.

"सुवेनिअर," मी म्हटलं.