सायलोवरचा लाल दिवा

३ सप्टेंबर
लॉर्नाने पुन्हा एक केस सोडवली. पोस्टातल्या बाईला दिसलेली उडती तबकडी म्हणजे म्हणे शुक्र. लॉर्नाला नेब्रास्कात येऊन जेमतेम वर्ष झालं. आमच्या तबकडी मंडळाचा मुख्य तपासनीस मी, की ती? जळायचं मला काही कारण नाही. शुक्र मीही ओळखला असता, पण मला कुणी विचारलंच नाही.

७ सप्टेंबर
मक्यावर चमकणारं यान: वाढदिवसातून सुटलेले चंदेरी फुगे. पुन्हा लॉर्नाच. वर तिने भाजून आणलेल्या ‘रुबार्ब पाय’ या गोड पदार्थाचं कौतुक. नॅडीनने दोनदा घेतला. माझी बायको असून.
संकल्प: महिनाअखेर मंडळाची निवडणूक. त्याआधी अशी केस आणायची की लॉर्नाची बोलती बंद झाली पाहिजे.

११ सप्टेंबर, सकाळ
देव आहे. शेजारचा गॉर्डी सांगत होता, काल संध्याकाळी आमच्याच जुन्या सायलोच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराच्या, टोकाला लाल दिवा तरंगत होता. काल मी त्याच सायलोवर बसून आकाश बघत होतो. मला कसा दिसला नाही? वहीत लिहीत असताना निसटला असणार.
आता रोज वर बसायचं. कपाळाला नेहमीसारखा लाल टॉर्च हवाच. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात, मग बारीक काही दिसत नाही. हे आम्हा जाणकारांना ठाऊक असतं.

१२ सप्टेंबर
बसलो. काही नाही. गुडघा दुखतोय. खाली येतो तर पाद्रीबाईंचा फोन: दिवा आत्ताच दिसला, डुलत होता, मग एकदम खाली वाकला. नेमका तेव्हाच मी थर्मासमधून कॉफी ओतत होतो. नशीबच फुटकं.

१५ सप्टेंबर
सर्दी. वर गेलो नाही. दिवा कुणालाच दिसला नाही. म्हणजे मी नसलो की तो येत नाही. त्यांना माझ्याशीच बोलायचंय, लॉर्नाशी नाही. ऊर भरून आला.

१९ सप्टेंबर
वर बसलेलो, तर अंगणात लॉर्ना. तिला बोलावलं कुणी? नॅडीनने. घरातच अस्तनीतला निखारा.
लॉर्ना खालून म्हणाली, वर्लिन, टॉर्च जरा बंद कर. केला. रस्त्यावरून गॉर्डी म्हणाला, गेला दिवा. आता लाव, म्हणाली. लावला. आला, म्हणाला गॉर्डी.
आधी मला काही कळेना. मग कळलं, आणि खाली उतरावंसंच वाटेना. लाज वाटली.
उतरल्यावर लॉर्ना म्हणाली, मी कुणाला सांगणार नाही, सभेत तूच सांग. तिची मेहरबानी नको मला. शिवाय एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही.

२८ सप्टेंबर
सभेत सांगितलं: प्रकरणाचा तपास चालू आहे. गॉर्डी म्हणाला, वर्लिनराव, त्या परग्रहवाल्याला सांगा, शिडी उतरताना गुडघा सांभाळ. सगळे हसले. लॉर्ना हसली नाही, त्याचाच जास्त राग आला.
मुख्य तपासनीस: लॉर्ना. मला दोन मतं. एक माझं.
येताना गाडीत नॅडीनचे आभार मानले. म्हटलं, शेवटी आपलं माणूस ते आपलंच. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, मी लॉर्नाला दिलं.
मग दुसरं कुणाचं, विचारलं.
लॉर्नाचं, म्हणाली. माझ्या शेजारीच बसून तुझं नाव लिहीत होती.