उंबऱ्याच्या आत

४ नोव्हेंबर
ओवी रांगली. आठवडाभर मागंच सरकायची, आज पुढं. खुळखुळ्यापर्यंत गेली, तो तोंडात घातला, विषय संपला. सासूबाईंनी दृष्ट काढली, तिची आणि माझीही. माझी कशाबद्दल, देव जाणे.

५ नोव्हेंबर
ह्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आर्मीचं पोस्टिंग राजस्थानात, रेंज यथातथाच, लेकीचं बूड तेवढं दिसलं म्हणे. बारशाला आले होते ते शेवटचं. आता महिनाअखेर दहा दिवस सुट्टी.
रांगत उंबरा ओलांडला की उंबऱ्यावर नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. हे म्हणाले, "तेवढं तरी माझ्यासमोर होऊ दे." सासूबाई लगेच, "व्हय रं, तवर न्हाई वलांडू देत." कबूल करून मोकळ्या!

७ नोव्हेंबर
उंबऱ्याला पाट आडवा लावलाय. ओवी येते, पाट थोपटते, भोकाड पसरते. सासूबाई "न्हाई न्हाई" करत उचलून आत आणतात. मी म्हटलं, "आवं आत्याबाई, कशाला अडवायचं?" तर, "बापाला बघू दे की." नारळ देवापाशी.

१५ नोव्हेंबर
लसीला कराडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक मुलं सात ते दहा महिन्यांत रांगतात, वर्षाच्या आगेमागे चालतात, काही दीड वर्षाचीही होतात. काही तर रांगतच नाहीत. तुलना नको, जमिनीवर मोकळं सोडा.
पाटाचं बोलले नाही.

२२ नोव्हेंबर
आता रडत नाही. पाटापर्यंत येते, स्वतःच नकाराची मान हलवते, मागं फिरते. सासूबाईंना कौतुक, "लय शानी हाय पोरगी." मला बरं वाटलं नाही.

२९ नोव्हेंबर
हे आले. ओवीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. "बाबा कुठंय?" विचारलं की फोनकडं बोट.
पाट काढला. हे बाहेर ओसरीवर बसले, हाका मारल्या. आली, पाट असायचा तिथं थांबली, मान हलवली, परत फिरली. पुन्हा तेच. हे हसले खरे, पण चहा तसाच निवू दिला. मला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना.

३ डिसेंबर
केळं, बिस्कीट, चमचा-वाटी. सगळं करून झालं.
सासूबाई भाकरी थापता थापता, "माजंच चुकलं गं." मी तव्यावरची भाकरी उलटली. बोलायला हवं होतं.
ह्यांच्या कडेवर अजून जात नाही.

६ डिसेंबर
सकाळी हे ओसरीवर पालथे पडले आणि ट्रेनिंगमध्ये सरपटतात तसे कोपरांवर निघाले. उंबऱ्यावरून आत, आतून बाहेर. शेजारचे अण्णा उसाची तोड बघायला निघालेले, थबकले. "काय गड्या, आर्मीनं परत रांगायला लावलं व्हय?"
सासूबाई म्हणाल्या, "थांब, नारळ तुज्याच नावानं फोडते." पोट धरून हसले मी, किती दिवसांनी.
ओवीही हसली. ह्यांच्याकडं बघून.
हे बाहेर हनुवटी फरशीला टेकून पडून राहिले. ती उंबऱ्यापाशी आली. मान हलवली नाही. एक हात उंबऱ्यावर ठेवला. फोन कुणी काढला नाही, नारळाला कुणी उठलं नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, दचकून हात मागं घेतला. पण फिरली नाही. आतच बसली, वाकली आणि ह्यांच्या नाकाला बोट लावलं.
कितीतरी वेळ दोघं तसेच.
नारळ देवापाशीच आहे. परवा पहाटेची गाडी. उद्याचा दिवस आहे अजून.